बहरीनची गादी, बहरीनची जकात आणि ब्रिटिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाती देशांचा इतिहास निघाला की गप्पा थेट तेलावर जातात. पण तेल लागण्याच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षं या बंदरांवर ब्रिटिशांचा वरचष्मा होता. तो टिकवायला त्यांना मोठी फौज लागली नाही. गादीवर कोण बसतो आणि बंदरावर गोळा होणारी जकात कोणाच्या खिशात जाते, या दोन गोष्टींवर पकड असली की बाकीचं आपोआप जमायचं. बहरीनमध्ये हे फार स्वच्छ दिसतं, म्हणून इथले बहुतेक प्रश्न बहरीनचे आहेत. ओमानमधल्या मस्कतची गोष्टही ओघाने येते.

बहरीन ही ब्रिटिशांची वसाहत होती का?

कागदोपत्री कधीच नव्हती. तिथे ब्रिटिश गव्हर्नर नव्हता, राज्य शेखाच्या नावाने चालायचं आणि जकातही शेखाच्याच नावाने वसूल व्हायची. मात्र परक्या देशाशी बोलणी करायची तर ब्रिटिशांना विचारूनच, ही अट होती. आपल्याकडची संस्थानं डोळ्यांसमोर आणली की चित्र लवकर उमगतं. फरक एवढाच की संस्थानाच्या उरावर तैनाती फौज असे आणि बहरीनच्या समोर समुद्रात गनबोट. गनबोट स्वस्त पडते, आणि काम नसेल तेव्हा दुसऱ्या बंदरात पाठवता येते.

हा कारभार लंडनहून चालायचा का?

बराच काळ तो मुंबईहून चालला. नोव्हेंबर १८१९ मध्ये मेजर जनरल विल्यम ग्रँट केर यांची मोहीम मुंबईहून निघाली आणि तिने आखातावरचं रास अल खैमा हे बंदर घेतलं. कारण सांगितलं गेलं चाचेगिरीचं. त्याच महिन्यात मुंबईच्या गव्हर्नरपदी आले ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशवाईचा शेवट ज्यांच्या हातून झाला तेच. पुढे जानेवारी १८२० मध्ये आखाती किनाऱ्यावरच्या शेखांशी सर्वसाधारण तह झाला आणि फेब्रुवारीत बहरीनच्या शेखांनीही त्यावर मान्यतेची मोहोर उठवली.

ब्रिटिशांचा रेसिडेंट, म्हणजे आखातातला त्यांचा मुख्य राजकीय प्रतिनिधी, बसायचा इराणच्या किनाऱ्यावर, बुशहरला. तो १८७३ पर्यंत मुंबई सरकारला जबाबदार होता आणि त्यानंतर थेट हिंदुस्थान सरकारला. हिंदुस्थान स्वतंत्र होईपर्यंत हीच व्यवस्था राहिली. म्हणजे बहरीनच्या शेखाबद्दलचे कित्येक निर्णय लंडनने घेतले त्याच्या आधी कलकत्त्याने किंवा सिमल्याने घेतलेले असत, आणि त्याही आधी मुंबईने.

व्यापाराचंही तेच. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी टपाल घेऊन मुंबई-कराचीहून आखातात जाऊ लागल्या. तांदूळ, कापड आणि जहाजांसाठीचं सागवान इथून जाई, मोती इकडे येत. बहरीनच्या मोत्यांची मोठी पेठ मुंबईच होती. आणि नकोसा झालेला राजपुत्र किंवा पुढारी पाठवायचा झाला, तर त्याचंही ठिकाण बहुतेक वेळा मुंबईच असे. हे पुढे दोन-तीनदा येईल.

अल खलिफा घराण्यात वारस कसा ठरायचा?

अल खलिफा हे बहरीनचं राजघराणं. १७८३ मध्ये त्यांनी बहरीन जिंकलं. तोवर बुशहरचे शेख इराणच्या वतीने तिथे राज्य करत होते. जिंकल्यानंतरची पहिली ऐंशी-नव्वद वर्षं थोरल्या मुलानेच गादीवर बसावं असा पक्का नियम नव्हता. भाऊ, काका, पुतणे, चुलतभाऊ असे सगळेच दावेदार. ज्याच्या मागे घराण्यातली वजनदार मंडळी, एखादी लढाऊ टोळी आणि पैसा, तो शेख. कधीकधी दोघं मिळूनही राज्य करत, एक मुहर्रक बेटावर आणि दुसरा मुख्य बेटावरच्या मनामाला.

पैसा हा शब्द इथे महत्त्वाचा. घराण्यातल्या प्रत्येक शाखेला काही ना काही लागायचं: खजुराच्या बागा, एखाद्या गावाचा महसूल, जकातीतला वाटा. वाटे नीट पडले तर घर शांत. वाटा तुटला की तो भाऊबंद माणसं जमवून कतारमध्ये जायचा आणि तिथून चालून यायचा. त्यामुळे जकातीची वाटणी आणि वारसाहक्क हे एकाच भांडणाचे दोन भाग होते.

१८६८-६९ मध्ये नेमकं काय झालं?

शेख मुहम्मद बिन खलिफा तेव्हा गादीवर होता. १८६७ मध्ये त्याने अबू धाबीच्या मदतीने कतारमधल्या दोहा आणि वक्रा या बंदरांवर हल्ला केला आणि ती लुटली. समुद्रावर लढाई करायची नाही, असं त्याने १८६१ च्या तहात लिहून दिलं होतं. रेसिडेंट लुईस पेली सप्टेंबर १८६८ मध्ये लढाऊ जहाजं घेऊन आला. मुहम्मद आधीच पळाला होता. पेलीने त्याचा भाऊ अली याला गादीवर बसवलं आणि त्याच्याकडून एक लाख डॉलर दंडाचं कबूल करून घेतलं. (हे डॉलर अमेरिकेचे नव्हेत. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीच्या छापाचे चांदीचे नाणे तेव्हा सगळ्या अरबस्तानात चालत होते.) याच फेरीत पेलीने कतारच्या मुहम्मद बिन थानीकडूनही वेगळा करार घेतला. आजच्या कतारच्या राजघराण्याची कहाणी सांगताना बहुतेक जण त्या कागदापासूनच सुरुवात करतात.

अलीला वर्षही धड मिळालं नाही. १८६९ मध्ये पळून गेलेला मुहम्मद इतर दावेदारांची मोट बांधून परत आला आणि लढाईत अली मारला गेला. त्यानंतर मोटेतल्याच एकाने, मुहम्मद बिन अब्दुल्लाने, मुहम्मद बिन खलिफालाच कैदेत टाकून सत्ता घेतली. पेली पुन्हा जहाजं घेऊन आला. त्याने दोन्ही मुहम्मदांना पकडून मुंबईला रवाना केलं आणि मारल्या गेलेल्या अलीच्या मुलाला, ईसा बिन अलीला, कतारमधून बोलावून डिसेंबर १८६९ मध्ये शेख केलं. ईसा तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता.

प्रमुख मंडळींना विचारून ही निवड झाली असं म्हणता येईल, पण बंदरात कोणाची जहाजं उभी होती हे त्या मंडळींना दिसत होतं. सहा वर्षांनी, १८७५ मध्ये, बडोद्याला मल्हारराव गायकवाडांना उतरवून सयाजीरावांना बसवण्यात आलं. ते हुकूम व्हाइसरॉयच्या नावाने आणि चौकशीच्या थाटात निघाले. बहरीनमध्ये तेवढाही थाट लागला नाही.

तहांमध्ये काय काय लिहून घेतलं होतं?

तीन कागद लक्षात ठेवले तरी पुरे.

१८६१ चा तह मैत्रीचा. शेखाने समुद्री युद्ध सोडलं आणि ब्रिटिशांनी संरक्षणाचं आश्वासन दिलं. त्यातलं एक कलम व्यापाराचं होतं: ब्रिटिश प्रजाजनांच्या मालावर किमतीच्या ५ टक्के जकात घ्यायची, रोख किंवा मालाच्या रूपात. वाचताना हे कलम किरकोळ वाटतं. पण त्यातून शेखाच्या सर्वात मोठ्या उत्पन्नाचा दर परक्या सत्तेबरोबरच्या करारात बांधला गेला. खजिना रिकामा आहे म्हणून जकात वाढवावी म्हटलं, तर आधी हिंदुस्थानातून आलेल्या व्यापाऱ्यांना हात लावता येणार नाही. आणि मोठा व्यापार तर त्यांच्याच हातात होता.

१८८० मध्ये शेख ईसाने लिहून दिलं की ब्रिटिशांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणत्याही सरकारशी तह करणार नाही, त्यांचा वकील किंवा कोळशाची वखार ठेवू देणार नाही. १८९२ मध्ये हेच अधिक घट्ट केलं गेलं आणि जमीन विकण्या-देण्यावरही बंधन आलं. तुर्कस्तान, फ्रान्स, रशिया आणि जर्मनी आखाताकडे डोळे लावून होते, म्हणून ही घाई.

जकातीचा मक्ता म्हणजे काय, आणि तो कोणाकडे असायचा?

आपल्याकडे जकातनाके आणि मक्तेदारी दोन्ही ओळखीचं आहे, त्यामुळे हे समजायला अवघड नाही. शेख वर्षाकाठी ठरावीक रकमेला बंदराची जकात एखाद्या व्यापाऱ्याला लावून द्यायचा. रक्कम हप्त्यांनी मिळायची. बंदरावर त्यापेक्षा जास्त वसूल झालं तर नफा मक्तेदाराचा, कमी झालं तर तोटाही त्याचाच.

मनामाच्या बंदरात होड्यांतून माल उतरला की त्याची किंमत धरली जायची, कारण जकात किमतीवर होती. तांदळाच्या गोणीची किंमत किती धरायची, कापडाच्या गाठीत काय आहे, ओळखीच्या व्यापाऱ्याचं गाठोडं उघडायचं की नाही, हे सगळं ठरवणारा मक्तेदाराचा कारकून. खरा कर तिथे ठरायचा. कागदावरचे ५ टक्के सगळ्यांना सारखे, पण किंमत धरणारा माणूस सगळ्यांना सारखा नसतो.

मक्तेदार बहुतेक सिंधमधल्या ठठ्ठ्याकडचे भाटिया असत. अरब त्यांना बनियाच म्हणत. मक्त्याबरोबर सावकारीही चाले. शेखाला लग्नासाठी, पाहुण्यांसाठी, रुसलेल्या भाच्या-पुतण्यांसाठी पैसे हवे असले की मक्तेदार पुढच्या हप्त्यातून उचल द्यायचा. काही वर्षांनी शेख मक्तेदाराचा देणेकरी होऊन बसे आणि मग मक्ता दुसऱ्याला देणं सोपं राहात नसे. शिवाय हे व्यापारी ब्रिटिश प्रजाजन. त्यांना हात लावला तर रेसिडेंटाचं पत्र येणार.

म्हणजे शेखाच्या जकातीवर ब्रिटिशांनी अधिकारी नेमण्याच्या खूप आधीपासून तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचा माणूस बसलेला होताच. हे ब्रिटिशांनी आखून केलं असं मला वाटत नाही. व्यापाराच्या ओघात झालं आणि त्यांना सोयीचं पडलं, इतकंच.

मग ब्रिटिशांना मक्ता का खटकू लागला?

सोय होती तोवर खटकला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हिशेब बदलला. १९०० मध्ये बहरीनला पहिला ब्रिटिश असिस्टंट पोलिटिकल एजंट, म्हणजे रेसिडेंटाच्या हाताखालचा तिथला अधिकारी, आला. त्याआधी एजंटाचं काम तिथले व्यापारीच पाहात. १९०४ मध्ये पूर्ण दर्जाचा एजंट आला, कॅप्टन प्रिडो. तो रोज बंदर पाहू लागला, आणि रोज पाहणाऱ्याला गळती दिसते.

नोव्हेंबर १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन लवाजम्यासह आखाताच्या दौऱ्यावर गेला. बहरीनला त्याने शेख ईसासमोर जकातीचा विषय काढला: कारभार नीट करा, त्यावर ब्रिटिशांच्या पसंतीचा माणूस नेमा, उत्पन्न वाढेल. शेखाने मान डोलावली नाही. उत्पन्न वाढेल हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण जकातीचा हिशेब परक्याच्या हातात गेला की कोणत्या भावाला किती देतो हेही परक्याला कळणार, आणि उद्या तोच ते ठरवणार. वीस वर्षांनी बरोबर तेच घडलं.

वारसाला ब्रिटिशांची मान्यता कधीपासून घ्यावी लागू लागली?

इथे एक गंमत आहे. मान्यता शेखानेच मागितली. ईसाच्या आधीच्या पिढ्यांत भावाने भावाला मारलं होतं, त्याच्या वडिलांचाच जीव त्यात गेला होता. आपल्यामागे मुलाला भाऊ-पुतण्यांनी उखडू नये म्हणून १८९८ मध्ये त्याने हमद या मुलाला वारस मानावं असं हिंदुस्थान सरकारला विनवलं. १९०१ मध्ये मान्यता आली.

शेखाच्या दृष्टीने हा विमा होता. पण ज्याच्याकडे मान्यता देण्याचा हक्क आहे त्याच्याकडे ती न देण्याचाही येतो. सातारा १८४८ मध्ये दत्तक नामंजुरीत गेलं, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. बहरीन खालसा करायचा विचार मात्र ब्रिटिशांच्या मनात कधी गंभीरपणे आला नाही. खालसा केलेला प्रदेश सांभाळायला खर्च येतो.

पुतण्यांचा त्रास खराच होता. १९०४ मध्ये ईसाचा पुतण्या अली बिन अहमद याच्या माणसांनी एका जर्मन व्यापारी पेढीच्या माणसाला आणि नंतर काही इराण्यांना मारहाण केली. १९०५ मध्ये रेसिडेंट पर्सी कॉक्स जहाजांसह आला आणि पुतण्याला शिक्षा म्हणून पाठवण्यात आलं मुंबईला. शेखाच्या हद्दीत, शेखाच्या घरातल्या माणसाला, शेखाला बाजूला ठेवून.

१९२३ मध्ये शेख ईसाने राजीनामा दिला, असं वाचलं. खरं आहे का?

त्याने दिला नाही. त्याच्याकडून काढून घेतलं.

मागचं थोडं सांगायला हवं. १९२१ मध्ये मेजर क्लाइव्ह डेली पोलिटिकल एजंट म्हणून आला. बहरीनमधले बहुसंख्य गावकरी शिया अरब, त्यांना बहारना म्हणतात. त्यांच्यावर डोईपट्टी होती, वेठबिगार होती. शेखांचे फिदावी, म्हणजे हत्यारबंद शिपाई, गाढवं ओढून नेत आणि माणसांनाही. सुन्नी टोळ्यांना कर जवळजवळ नव्हताच. १९२२ मध्ये बहारनांनी मनामाचा बाजार बंद पाडला. इराणी वर्तमानपत्रं शियांच्या हालांवर लिहू लागली आणि इराणचा बहरीनवर जुना दावा होताच. पलीकडे अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावर, अल हासात, इब्न सौद (पुढे सौदी अरेबियाचा राजा झाला तो) बसला होता. ब्रिटिशांना भीती अशी की, कारभार असाच राहिला तर दोघांपैकी कोणीतरी हात घालील.

घरातही दोन तट होते. थोरला हमद सुधारणांना तयार होता किंवा निदान विरोध करत नव्हता. धाकटा अब्दुल्ला आणि त्याच्या आईचं वजन जुन्या कारभाराच्या बाजूला. डेलीला अब्दुल्ला मुळीच पटत नसे आणि ते तो लपवतही नसे.

मे १९२३ मध्ये मनामात नजदी (मध्य अरबस्तानातल्या नजदचे) आणि इराणी लोकांत दंगल झाली. युद्धनौका आल्या. २६ मे रोजी प्रभारी रेसिडेंट कर्नल नॉक्स याने मजलिस, म्हणजे सभा, भरवली. घराण्यातले शेख, टोळ्यांचे प्रमुख, व्यापारी, सगळे बोलावले. सांगितलं गेलं ते असं: शेख ईसा वयोमानामुळे निवृत्त होत आहेत, कारभार आता हमद पाहतील. घराण्यातल्या मंडळींना बजावलं गेलं की लोकांच्या जिवावर फुकट खाण्याचा हक्क कोणाला नाही. पंचाहत्तरीला आलेल्या ईसाने हे मानलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. म्हणून मग तोड अशी निघाली की हमद गादीवर बसणार नाही, वडिलांचा नायब म्हणून सगळे अधिकार वापरणार. डिसेंबर १९३२ मध्ये ईसा वारला, तोपर्यंत नऊ वर्षं हे असंच चाललं. लोकांच्या लेखी शेख ईसा, सही हमदची, आणि मसुदा बऱ्याच वेळा ब्रिटिश एजंटाच्या कचेरीतला.

लोकांनी हे मुकाट्याने मान्य केलं?

नाही. दवासिर टोळीने विरोध केला आणि त्यातले बरेच जण बहरीनमधलं बुदय्या गाव सोडून समोरच्या किनाऱ्यावर, दम्मामला गेले. ऑक्टोबर १९२३ मध्ये सुन्नी पुढारी आणि व्यापाऱ्यांनी सभा भरवून मागण्या मांडल्या: शेख ईसाला परत बसवा, एजंटाने अंतर्गत कारभारात पडू नये, सल्लामसलतीसाठी मंडळ असावं. यातल्या शेवटच्या मागण्या आज वाचल्या तर त्यांत लोकशाहीची चुणूक दिसते. पण याच गटातल्या कित्येकांना करमाफी हवी होती आणि बहारनांना बरोबरीचा न्याय नको होता. दोन्ही खरं आहे. एकच बाजू सांगणारे लेख भरपूर सापडतात.

उत्तर म्हणून अब्दुल वहाब अल झयानी आणि अहमद बिन लाहिज यांना पकडून हिंदुस्थानात पाठवलं. झयानी मुंबईत राहून वकिलांमार्फत दाद मागत राहिला आणि १९२५ मध्ये इथेच वारला. बहरीनच्या राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या काहींत येतं.

दुसरी बाजू म्हणजे बहारना. शेतावर न्यायाची आशा त्यांना पहिल्यांदा दिसली ती परक्या एजंटाच्या कचेरीतून. सित्रा बेटावरच्या गावकऱ्यांवर राजघराण्याच्या एका शाखेतल्या लोकांनी हल्ले केले, तेव्हा त्या शेखांवर खटले चालले. याआधी असं कोणी ऐकलं नव्हतं.

जकातीचं पुढे काय झालं?

१९२३ च्या बदलातलं सर्वात टिकाऊ काम तेच होतं. जानेवारी १९२४ मध्ये डी ग्रेनिए नावाचा ब्रिटिश अधिकारी जकातीचा संचालक म्हणून बसवला गेला. मालाच्या नोंदी नियमाने होऊ लागल्या आणि रक्कम बँकेत भरली जाऊ लागली. ईस्टर्न बँकेची शाखा मनामात १९२० मध्येच उघडली होती. शेखाला आणि घराण्याला ठरावीक तनखे बांधून दिले. आधी जकातीतून शेखाचा खर्च भागून उरलं तर राज्याचं. आता राज्याच्या जमाखर्चात शेखाचा तनखा हे एक कलम झालं.

दर तोच राहिला, पण वसूल वाढला. वर म्हटलेली किंमत धरण्याची जागा बंदिस्त झाली ना! मात्र पैसे वाढल्याबरोबर घराण्यातले मागणारेही वाढले आणि तनख्यांची यादी लांबत गेली. जकातीचा मोठा घास नंतरही त्यातच जाई.

एक गोष्ट लक्षात घ्या. दावेदार शाखेचा वाटा जकातीच्या कोठारातून थेट निघत होता तोवर तिला माणसं पाळता येत होती. तनखा बँकेतून, यादीप्रमाणे, दर महिन्याला येऊ लागल्यावर यादीतून नाव कमी होण्याची भीती गनबोटीपेक्षा जास्त कामाची ठरली. १९२३ नंतर बहरीनच्या गादीसाठी घरातल्या घरात लढाई झाली नाही, यामागे हे मोठं कारण आहे असं माझं मत आहे.

बेलग्रेव्ह कोण होता?

ऑगस्ट १९२५ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये छोटी जाहिरात आली: एका पौर्वात्य राज्यात नोकरीसाठी तरुण सद्गृहस्थ पाहिजे. राज्याचं नाव नव्हतं. पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिकात नोकरी करणाऱ्या चार्ल्स बेलग्रेव्हने अर्ज केला आणि मार्च १९२६ मध्ये तो शेख हमदचा सल्लागार म्हणून बहरीनला उतरला. पगार शेखाच्या खजिन्यातून, म्हणजे मुख्यतः जकातीतून. कागदोपत्री तो ब्रिटिश सरकारचा नोकर नव्हता, शेखाचा होता. ही युक्ती तुम्हाला या सगळ्या गोष्टीत पुन्हा पुन्हा दिसेल.

जमाखर्च, पोलीस, न्यायालय, शाळा, जमिनींची नोंद असं सगळं हळूहळू त्याच्या टेबलावर आलं. आणि 'सल्लागार' एकतीस वर्षं राहिला. १९५६ मध्ये निदर्शकांनी त्याच्या हकालपट्टीची मागणी केली, त्याच वर्षी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांच्या गाडीवर दगड पडले. १९५७ मध्ये तो गेला.

मस्कतमध्येही असंच झालं का?

तिथे पैशाचा लगाम वेगळ्या तऱ्हेने घातला गेला. सुलतान सईद बिन सुलतान १८५६ मध्ये वारला तेव्हा त्याचं राज्य मस्कतपासून झांझिबारपर्यंत होतं. दोन मुलगे भांडू लागले. मुंबई सरकारने ब्रिगेडियर कॉगलनची चौकशी नेमली आणि एप्रिल १८६१ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने निवाडा दिला: थुवैनीला मस्कत, माजिदला झांझिबार, आणि श्रीमंत झांझिबारने गरीब मस्कतला वर्षाला ४०,००० क्राउन द्यायचे. झांझिबारची जकात तेव्हा जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीच्या मक्त्यात होती.

पुढे झांझिबार पैसे देईना, तेव्हा १८७३ पासून ती रक्कम ब्रिटिशांनीच द्यायला घेतली. झालं, सुलतानाच्या खर्चाचा एक मोठा भाग आता एजंटाच्या मर्जीवर. गादीवर नवा माणूस बसला की पहिला प्रश्न हा असे की ती रक्कम याला चालू राहणार का. १९१२ मध्ये शस्त्रांच्या व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा सुलतानाची जकात बुडाली म्हणून ब्रिटिशांनी वर्षाला आणखी एक लाख रुपये लावून दिले. तोटा त्यांनी केला, भरपाईही त्यांनी दिली आणि भरपाईबरोबर दोरी आणखी आवळली गेली.

गादीच्या बाबतीत मस्कतची कथा बहरीनच्या उलट आहे. सुलतान तैमूरला राज्य सोडायचं होतं. १९२० पासून तो ते सांगत होता, पण ब्रिटिश सोडू देईनात, कारण मुलगा लहान होता. मुलगा सईद अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकून मोठा झाला आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये तैमूरची सुटका झाली. त्याने उत्तरायुष्याचा बराच काळ मुंबईत काढला आणि १९६५ मध्ये मुंबईतच त्याचं निधन झालं. बहरीनच्या नाखूश शेखाला उतरवलं, मस्कतच्या नाखूश सुलतानाला बसवून ठेवलं. निवड दोन्हीकडे एकाच कचेरीची.

बहरीनमध्ये रुपया चालायचा हे खरं?

हो. हिशेब रुपये-आणे-पैतच होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला, तो चलनात आला. १९६५ मध्ये बहरीनने स्वतःचा दिनार आणला.

तेल आल्यावर जकातीचं महत्त्व संपलं का?

लगेच नाही. जून १९३२ मध्ये तेल लागलं, १९३४ मध्ये निर्यात सुरू झाली. स्वामित्वधन टनामागे ३ रुपये ८ आणे ठरलं होतं. त्याच सुमारास जपानी कल्चर मोती आणि जागतिक मंदीने मोत्यांचा धंदा बसला होता. मोती नाहीत म्हणून लोकांच्या हातात पैसा नाही, पैसा नाही म्हणून आयात नाही, आयात नाही म्हणून जकात नाही. १९३० च्या आसपास बेलग्रेव्हचा जमाखर्च पार आवळून गेला होता. तेलाने तो सावरला. तेलाचा पैसा वाटायची वेळ आली तेव्हा सवय आधीच लागलेली होती: बँकेत जमा, शेखाचा हिस्सा ठरलेला, बाकी राज्याचं. जकातीने घालून दिलेली घडी तेलाने वापरली.

आज गादीचा नियम काय आहे?

१९७३ च्या राज्यघटनेत लिहिलं गेलं की राज्य शेख ईसा बिन सलमानकडून थोरल्या मुलाकडे आणि पुढे पिढीजात थोरल्याकडेच जाईल. मात्र हयात असताना दुसऱ्या मुलाची निवड करण्याची मुभा राज्यकर्त्याला आहे. हा ईसा म्हणजे १९२३ मध्ये नायब झालेल्या हमदचा नातू. त्याच्याच काळात, १५ ऑगस्ट १९७१ रोजी, बहरीन स्वतंत्र झालं. राष्ट्रीय दिन मात्र ते १६ डिसेंबरला पाळतात, त्यामुळे १५ ऑगस्टला तिथल्या मित्रांना शुभेच्छा पाठवल्या तर त्या भारताच्याच समजल्या जातील.

तिथे गेल्यावर यातलं काही बघायला मिळतं का?

मुहर्रकला शेख ईसा बिन अलीचा वाडा जतन केलेला आहे, वारा खाली ओढणाऱ्या मनोऱ्यासकट. मनामात बाब अल बहरीन ही कमानीची इमारत बेलग्रेव्हने आखली. ती १९४० च्या दशकातली आहे. समुद्र तेव्हा अगदी जवळ होता, आता भराव टाकून दूर गेला आहे. कमानीतून आत शिरलं की जुना बाजार लागतो आणि त्याच भागात ठठ्ठ्याच्या भाटियांनी बांधलेलं श्रीनाथजींचं मंदिर आहे.